गावचं घर नक्की कोणाच्या नावावर? वारस नोंद, वाटणी आणि मृत्यूपत्र, कोकणातल्या घरवाल्यांसाठी

बाबा गेले तेव्हा आम्हाला वाटत होतं घर आमचंच आहे, त्यात बघायचं काय. इतकी वर्षं घरपट्टी बाबांनी भरली, कौलं त्यांनी बदलली, चिऱ्याची पडवी त्यांनी वाढवली, गणपती आमच्याच माजघरात बसतो. दिवसकार्य आटपल्यावर सातबारा काढला तर त्यावर बाबांचं नावच नाही. आजोबा आणि त्यांचे तीन भाऊ, चौघंही कधीच वारलेले, आणि चौघांची नावं तशीच्या तशी. ग्रामपंचायतीत घर मोठ्या काकांच्या नावावर. राहायला मात्र आम्ही. म्हणजे जमीन एकाची, घर दुसऱ्याचं आणि वहिवाट तिसऱ्याची.

ते निस्तरायला आम्हाला सहा वर्षं लागली. त्यात जे कळलं ते ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने लिहितोय. आम्ही उलट्या क्रमाने केलं म्हणूनच एवढा वेळ गेला.

पहिलं काम: घर आणि घराखालची जमीन वेगळी समजून घ्या

कोकणातला सगळ्यात मोठा घोळ इथेच आहे. आपली घरं वाडीत, गावठाणाच्या बाहेर, बऱ्याचदा वरकस म्हणजे हलक्या, उताराच्या नाहीतर भाताच्या जमिनीत बांधलेली. त्या जमिनीचा हक्क सातबाऱ्यावर दिसतो आणि घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, ज्याला आपण असेसमेंट म्हणतो. असेसमेंट हा कर कोणाकडून घ्यायचा याचा कागद आहे. मालकीचा पुरावा म्हणून तो कोर्टात एकटा उभा राहत नाही. सातबाऱ्याचंही तसंच, तो महसुली नोंद आहे, नुसत्या फेरफाराने, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीने, कोणी मालक होत नाही आणि नाव नाही म्हणून कोणाचा वारसा जात नाही. पण बँक, भूसंपादन, नुकसानभरपाई सगळे आधी तिथेच बघतात, म्हणून तो सुधारून घ्यायला लागतोच. महामार्गाच्या चौपदरीकरणात ज्यांची जमीन गेली त्यांना विचारा, सामाईक सातबाऱ्यावर मयत माणसांची नावं असली की मोबदला हातात येईपर्यंत किती चपला झिजतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरुड, दापोली भागात घरांची कौलं, पत्रे उडाले तेव्हाही पंचनाम्यात नाव कोणाचं घालायचं यावरून भावाभावात बोलाचाली झालेल्या मी ऐकल्यात.

घर खरोखर गावठाणात असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड असतं, नसेल तर २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन ते मिळतं. आपलं घर गावठाणाच्या हद्दीत येतं का हे ग्रामसेवकांना आधी विचारा, नाहीतर नसलेल्या कार्डाची वाट बघत बसाल.

कागद गोळा करा, आणि जुने जास्त महत्त्वाचे

आजचा सातबारा आणि ८अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयात, तो सरकारी कामाला चालतो. पण नुसत्या आजच्या सातबाऱ्यावर थांबू नका. त्यावर फेरफार नंबर लिहिलेले असतात, तो एकेक नंबर धरून मागे मागे जायचं, तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफाराच्या नकला काढायच्या. हे कंटाळवाणं आहे, कागद पिवळे पडलेले, काही मोडी लिपीत, पण सगळी गोष्ट तिथेच असते. आमच्या बाबतीत मोठ्या काकांचं नाव घरावर का लागलं ते एका जुन्या ठरावात सापडलं, ते तेव्हा गावात होते आणि बाकीचे मुंबईत गिरणीत, म्हणून कर भरायला नाव त्यांचं, बस एवढंच. काकांनी काही लबाडी केली नव्हती, आणि आम्ही तीन वर्षं मनात तेच धरून बसलो होतो.

जुन्या सातबाऱ्यात काही खुणा नीट बघा. नावापुढे "ए.कु.मॅ." असेल तर तो एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे तो माणूस एकटा मालक नव्हता, सगळ्या भावांच्या वतीने त्याचं नाव होतं. पुढे कधीतरी उतारा नव्याने लिहिताना ती तीन अक्षरं गळतात आणि नातवंडं छातीठोकपणे सांगतात की जमीन आमच्या आजोबांचीच. दुसरं म्हणजे कुळाची नोंद. आपल्याकडे खोती होती, म्हणजे गावचा सारा खोत गोळा करायचा, ती १९४९ च्या कायद्याने गेली, मग कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारं कूळ मालक मानलं गेलं. पण कुळाने त्या कायद्याच्या कलम ३२ग खाली ठरलेली जमिनीची किंमत भरून कलम ३२म चं खरेदीचं प्रमाणपत्र घेतलं का हे तपासायला लागतं, बऱ्याच घरी ते घेतलेलंच नाही आणि सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात कुळाचं नाव तसंच लोंबतंय. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चा शेरा असतो, विकायला किंवा बक्षीस द्यायला परवानगी लागायची. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ३२म ला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या म्हणजे शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरून ते काम होतं. वारसाने नावं लागायला मात्र हा शेरा आडवा येत नाही. सिंधुदुर्गात आकारीपड, कबुलायतदार गावकर, वनसंज्ञा असे शेरे असतील तर ते प्रकरण स्वतंत्र आहे, वाटणीबिटणी करायच्या आधी तालुक्याच्या चांगल्या वकिलाला दाखवा.

आणि एक काम येत्या मे महिन्यातच करा. वाडीतलं जे सगळ्यात म्हातारं माणूस आहे त्याला घेऊन हद्दीवरून चाला. गडगा कुठून कुठे, वई कोणाची, बावीवर पाणी कोणाकोणाचं, पाणंद कुठून जाते, कुठलं कलम कोणी लावलं. मोबाइलवर शूटिंग करा आणि घरी येऊन कागदावर उतरवा. तो कायदेशीर पुरावा म्हणून कितपत चालेल ते सोडा, पण पुढे मोजणीला भूमी अभिलेखचा माणूस येईल तेव्हा बोट दाखवणारं कोणीतरी लागतं. आमची चुलत आजी बाबांच्या आधी चार महिने गेली, तिला सगळं पाठ होतं.

वंशावळ काढताना कोणालाही वगळू नका

मोठ्या कागदावर मूळ पुरुषापासून वंशावळ काढा. प्रत्येक नावापुढे मृत्यूची तारीख लिहा, कारण सगळं त्या तारखेवर फिरतं. जुन्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत नसली तर तहसीलला कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ मध्ये शोधा. तिथेही नसेल तर उशिराची नोंद करायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मुंबईला गेला आणि परत कधी आलाच नाही असा एखादा चुलता प्रत्येक घरात असतो. सात वर्षं त्याची काहीच खबर नसेल तर कोर्टातून तो मयत धरल्याचा आदेश मिळवता येतो, उगाच "निपुत्रिक मयत" लिहून मोकळं होऊ नका.

आता वारस कोण. हिंदू कुटुंबात पुरुष मृत्यूपत्र न करता गेला तर हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गात मुलगे, मुली, बायको आणि आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. मुलगा किंवा मुलगी आधी वारली असेल तर तिची मुलं त्या हिश्श्यात येतात, मुलगा आधी गेला असेल तर त्याची विधवाही. लोक आईला विसरतात. समजा स्वतः कमावलेलं घर आहे, मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी आणि म्हातारी आई, तर पाच हिस्से. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच तशी दुरुस्ती केली होती, मग ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं काही नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटणी झाली असेल तर ती उघडत नाही. आजोबा पणजोबा १७ जून १९५६ च्या आधी वारले असतील तर मुलींचा हिशोब वेगळा होतो, तिथे तोंडी सल्ल्यावर जाऊ नका. बाईच्या मिळकतीचा क्रमही वेगळा: आधी मुलं आणि नवरा, मग नवऱ्याचे वारस. पण माहेरून वारसाने आलेली जमीन असेल आणि आत्याला मूलबाळ नसेल, तर ती परत तिच्या वडिलांच्या वारसांकडे येते.

आपल्या किनाऱ्यावर मुसलमान आणि ख्रिस्ती घरंही तितकीच जुनी आहेत, त्यांना हा कायदा नाही. मुसलमानांत वैयक्तिक कायद्याने हिस्से ठरलेले, साधारणपणे मुलाच्या निम्मा मुलीला, आणि मृत्यूपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. हयातीत हिबा म्हणजे बक्षीस करता येतो, पण ताबा खरोखर द्यायला लागतो. ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागू, आणि मृत्यूपत्र केल्यावर लग्न झालं तर जुनं मृत्यूपत्र रद्द होतं, हे बहुतेकांना माहीत नसतं.

वारस नोंद

अर्ज तलाठ्याकडे, आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, किंवा ई-हक्क पोर्टलवरून. कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर तीन महिन्यात कळवायचं. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण उशीर जितका तितके दाखले जास्त. सोबत मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र, आधार, सातबारा आणि ८अ. मग नोंद धरली जाते, नोटिसा निघतात, हरकतीला १५ दिवस, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर सुनावणी, निकाल पटला नाही तर प्रांतांकडे म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसात अपील. मयत खातेदारांची नावं काढून वारस लावायची जिवंत सातबारा मोहीम सरकारने १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर घेतली, तुमच्या गावात ती पोचून तुमचं काम झालंय का ते उतारा काढून बघा.

दोन तीन पिढ्यांची नावं राहिली असतील तर एक उडी मारून नातवाचं नाव लागत नाही, प्रत्येक मृत्यूचा वारसा क्रमाने दाखवायला लागतो. म्हणून आधी वंशावळ सांगितली. सातबाऱ्याचं झालं की त्याच कागदांवर ग्रामपंचायतीत असेसमेंटला अर्ज द्या, हे दुसरं काम लोक हमखास विसरतात आणि मग घर मयताच्याच नावावर राहतं.

प्रतिज्ञापत्रात बहिणींची नावं गाळायचा प्रकार अजून चालतो. "तिचं लग्न झालं, तिला सगळं दिलं" हे कारण. हे करू नका. खोटं प्रतिज्ञापत्र गुन्हा आहे, आणि दहा वर्षांनी तिच्या मुलाने हरकत घेतली तर सगळी नोंद परत उघडते.

हक्कसोड आणि वाटणी

बहिणीला किंवा भावाला खरंच हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं. वडिलोपार्जित मिळकतीत मोबदला न घेता भाऊ, बहीण, आई, मुलं अशा जवळच्या नात्यात केलं तर मुद्रांक आधी २०० रुपये होता, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये. पैसे देऊन घेऊन केलं तर खरेदीखतासारखा मुद्रांक लागू शकतो. स्टॅम्पपेपरवर नुसती नोटरी केलेली हक्कसोड फेरफाराला चालत नाही, आणि अशी कितीतरी कागदं लोकांच्या ट्रंकेत आहेत.

माझं मत इथे सांगतो. गणपतीला सगळे जमलेत, बहीण माहेरी आलीय, तिच्यासमोर कागद ठेवला आणि सही कर म्हटलं, हे बरोबर नाही. तिला मसुदा आधी पाठवा, तिच्या घरी चार जणांना वाचू दे. हक्कसोड एकदा नोंदली की मागे घेता येत नाही. आमच्या दोन्ही आत्यांनी हक्क सोडला नाही आणि त्यांची नावं सातबाऱ्यावर आली, त्याने घराचं काही बिघडलं नाही. उलट वाटणीच्या वेळी थोरल्या आत्यानेच दोन चुलत्यांना एका जागी बसवलं.

शेतजमिनीची वाटणी सगळ्यांच्या संमतीने असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, मग मोजणी, पोटहिस्से, आणि स्वतंत्र सातबारे. एकाने जरी संमती दिली नाही तर दिवाणी कोर्ट. तुकडेबंदी लक्षात ठेवा, जिरायतला २० गुंठे आणि बागायतला १० गुंठे याच्या खालचा शेतीचा तुकडा वाटून वेगळा करता येत नाही. आपल्याकडे एकेका भावाला पाच सात गुंठे येतात, तिथे एकाने जमीन घेऊन दुसऱ्याने दुसरा सर्व्हे नंबर घ्यायचा अशी अदलाबदल बसवायला लागते. घराच्या इमारतीची वाटणी कलम ८५ मध्ये होत नाही, त्याला नोंदणीकृत वाटणीपत्र.

वाटणीपत्र लिहिताना वकील शहरातला असेल तर तो चतुःसीमा लिहून थांबेल. आपल्याकडे तेवढ्याने भागत नाही. बावीचं पाणी आणि पंपाची वाट कोणाला, खळ्यातून जायचा यायचा हक्क, मांगर कोणाचा, सड्यावरची गुरं न्यायची पाणंद, देवघर कोणाच्या वाट्यात आणि गणपतीला बाकीच्यांनी यायचं की नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झाडं. जमीन एकाच्या वाट्याला आणि त्यातली हापूसची कलमं दुसऱ्याने लावलेली, जोपासलेली, असं असेल तर किती कलमं, किती वर्षं कोण उतरवणार, हे आकड्यात लिहा. आमच्या वाडीत एका फणसावरून दोन घरं बोलत नाहीत, फणस कधीच पडला.

आपल्यामागे काय: मृत्यूपत्र की बक्षीसपत्र

इथवरचं काम मागच्या पिढीचं. आपल्यानंतर मुलांना हेच करायला लागू नये म्हणून पुढचं.

मृत्यूपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार, ज्यांनी सही होताना बघितली. नोंदणी सक्तीची नाही, पण मी म्हणेन कराच, फी १०० रुपये. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण आणि सापडतील असे घ्या, कारण पुढे कोर्टात निदान एकाला उभं राहायला लागतं, आणि ज्याला मिळकत मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. मिळकतीचं वर्णन "गावचं घर" असं नको, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, असेसमेंट नंबर सगळं. आपल्या हिश्श्यापुरतंच मृत्यूपत्र होतं, सामाईकातला न वाटलेला हिस्साही देता येतो, पण भावाचा हिस्सा आपण देऊ शकत नाही. शेतजमीन बिनशेतकरी परक्या माणसाला मृत्यूपत्राने द्यायचा विचार असेल तर थांबा, कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे ते अडकतं.

बक्षीसपत्र म्हणजे आज, आत्ता दिलं. राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाच्या बायकोला दिली तर मुद्रांक २०० रुपये, शिवाय स्थानिक अधिभार किती तो दुय्यम निबंधकांकडे विचारून घ्या. भाऊ बहीण ह्या सवलतीत नाहीत. स्वस्त आहे म्हणून लोक पटकन करतात, आणि मला ह्याचीच भीती वाटते. घर मुलाच्या नावावर केलं आणि म्हातारपणी आईबाप पडवीत आले, हे मी बघितलंय. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ प्रमाणे सांभाळ केला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं, पण सांभाळाची अट दस्तात लिहिलेली असली तर केस भक्कम होते. म्हणून द्यायचंच असेल तर "आम्हा उभयतांना ह्या घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील आणि सांभाळाच्या अटीवर हे बक्षीस देत आहे" हे शब्द घाला. माझं ऐकाल तर राहतं घर मृत्यूपत्राने द्या, बक्षीस बाकीच्या जमिनीचं करा.

मुंबईत खोली किंवा फ्लॅट असेल तर सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे झालं असं समजू नका, नॉमिनी हा सांभाळणारा, मालकी वारसांची किंवा मृत्यूपत्राप्रमाणे. आणि कुलमुखत्यारपत्र दिलंय म्हणून निर्धास्त असाल तर ते देणारा गेला की त्याच क्षणी संपतं.

भावकीतला एखादा आपला न वाटलेला हिस्सा बाहेरच्याला विकतो, सध्या किनाऱ्याजवळ हे फार होतंय. कायद्याने तो विकू शकतो, पण राहत्या एकत्र घरातला हिस्सा परक्याने घेतला तर त्याला घरात येऊन राहता येत नाही, आधी वाटणी मागायला लागते, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४. आणि वारसाने एकत्र आलेल्या मिळकतीत सहवारसांना आधी विकत घ्यायचा हक्क आहे, हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २२. कुणकुण लागली की लगेच लेखी नोटीस द्या, खरेदीखत झाल्यावर धावपळ करून खर्च दुप्पट होतो.

सगळं झालं की कागदांचे तीन संच करा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी घुसलं तेव्हा आमच्या मामांची अख्खी फाइल चिखलात गेली, मूळ खरेदीखतासकट. नोंदणीकृत दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकांकडून परत मिळाली, पण आजोबांची पावती आणि हाताने काढलेला नकाशा गेला तो गेलाच. आता मूळ कागद बँकेत, एक झेरॉक्स गावच्या घरी माळ्यावर प्लॅस्टिकच्या डब्यात, आणि स्कॅन मुंबईतल्या भावाकडे. डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर कुठला दस्त कुठे आहे ते माझ्या हाताने लिहिलंय, आणि तो डबा कुठे असतो ते दोन्ही मुलांना आणि सुनेला दाखवून ठेवलंय.